घरातली महादेवाची पिंड: ठेवावी का, पूजा कशी करावी, आणि देवळातल्या पिंडीशी बरोबरी का करू नये

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की सासूबाई गेल्यावर वाईच्या वाड्यातली देवांची पेटी सातारला तुमच्या फ्लॅटवर आली, त्यात पितळी शाळुंकेत, म्हणजे पिंडीखालच्या बैठकीत, बसवलेली जांभळाएवढी काळी पिंड निघाली आणि तिच्यावर एक पांढरी रेघ आहे. मिस्टरांनी मागच्या वर्षी ऑनलाइन पाऱ्याची पिंड मागवलीय ती वेगळीच. आता शेजारच्या काकू म्हणतात घरात पिंड ठेवली की घर बसतं, भावकीतले एक म्हणतात ती रेघ म्हणजे तडा, शिवाय बाईमाणसानं हात लावायचा नाही, आणि तुम्ही ऑफिसच्या कामानं चार दिवस बाहेर गेलात तर पूजा चुकली त्याचा दोष लागणार. शेवटी विचारलंय कृष्णेत सोडून देऊ का.

सोडू नका. हे पहिलं उत्तर, बाकीचं सावकाश वाचा.

मी गुरव. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावी आमच्या घराकडं महादेवाच्या पूजेची पाळी आहे, आजोबांच्या आधीपासून, वर्षातले ठरलेले महिने आमचे आणि उरलेले चुलत्यांचे. रुद्र म्हणणं भटजींचं काम, त्यात मी पडत नाही, पण पिंड धुणं, पुसणं, सजवणं, तिच्यावर काय घातलं की दुसऱ्या दिवशी काय होतं, हे 35 वर्षं हातानं केलंय म्हणून तेवढ्यावर बोलतो.

घरात पिंड ठेवू नये हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ना, त्याच्या मागं खरी गोष्ट एवढीच आहे की पिंड दोन तऱ्हेची असते, चल आणि अचल. देवळातली अचल. ती नुसती ठेवलेली नसते, पुरलेली असते. शास्त्राप्रमाणं घडवलेल्या पिंडीचे तीन भाग, तळाचा चौकोनी तो ब्रह्माचा, मधला आठकोनी विष्णूचा, आणि वरचा गोल तो रुद्राचा, आपल्याला दिसतो तो फक्त वरचा, बाकीचे दोन जमिनीत आणि शाळुंकेच्या पोटात. ती एकदा बसली की गावाची झाली, तिला त्रिकाळ नाही तर निदान रोजची पूजा लागतेच, म्हणून तर आमच्यासारख्यांना पाळ्या आणि इनामं लावून दिलेली. असली मोठी पिंड कोणी हॉलमध्ये सिमेंटनं बसवून घेतली आणि वर्षभरानं तिच्यावर धूळ बसली, तर वाईट वाटतंच की. तुमची तशी नाही. तुमची चल, म्हणजे उचलून ताम्हणात घ्यायची, न्हाऊ घालायची, पुसून जागेवर ठेवायची. घरची पिंड अंगठ्याएवढी असावी असं जुनी माणसं सांगतात ते ह्याचसाठी, जेवढं आपल्याच्यानं रोज निभेल तेवढंच घरात आणावं. देवळात गुरव आम्ही, घरात गुरव तुम्ही, आणि तुम्हाला बदली पाळीवाला कोणी नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. फोटोवरून आणि पेटीत अजून शाळिग्राम, एक स्फटिक आणि तांबडा दगड आहे म्हणालात त्यावरून मला वाटतं तो बाण आहे, म्हणजे महादेव मानून पुजतात तो नर्मदेतला गुळगुळीत दगड, आणि ते सगळं मिळून तुमच्या घरचं पंचायतन, पाच देवांचा संच. बाण महादेव, शाळिग्राम विष्णू, स्फटिक सूर्य, तांबडा शोणभद्र तो गणपती, आणि देवीचा म्हणून सुवर्णमुखी दगड असतो तो नीट शोधा, खाली कापडात असेल. कुठला देव मधे आणि कुठले चार कोपऱ्यांत हे घरागणिक बदलतं. सांगलीत पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिरात हेच मोठ्या रूपात बघायला मिळतं, मधे गणपती आणि भोवती शंकर, सूर्य, देवी, लक्ष्मीनारायण यांची देवळं. तेव्हा तुमची पिंड एकटी उचलून नदीत सोडणं म्हणजे पाच जणांच्या घरातला एक बाहेर काढणं.

नर्मदेच्या बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, शाळिग्रामालाही नाही, ते मुळातच देव मानलेत. आज बाजारात मिळणारे बहुतेक बाण नदीतून जसेच्या तसे आलेले नसतात हेही सांगतो, मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात नर्मदाकाठी बकावां म्हणून गाव आहे तिथं नदीतला दगड घासून पॉलिश करून पिंडी करतात, घरोघर तोच धंदा. त्यात फसवणूक नाही, दगड नर्मदेचाच. पण तुमच्या सासूबाईंचा तो हातांनी गुळगुळीत झालेला आहे, ती चकाकी वेगळी असते, मशिनची नाही.

रेघेचं असं करा. बाण पाण्यात पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढून सुती फडक्यानं कोरडा पुसा आणि खिडकीपाशी उजेडात धरा. तडा असेल तर बाकी दगड वाळला तरी तेवढी रेघ ओली आणि गडद दिसत राहते, कारण आत शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. दगडातलीच गारगोटीची शीर असेल तर ती बाकीच्या दगडासोबतच वाळते. मग नख आडवं फिरवा. अडकलं तर तडा, नुसतं सरकलं तर शीर. पांढरी रेघ म्हणालात म्हणजे दहात नऊ वेळा शीरच, कित्येक बाणांवर अशी जानव्यासारखी रेघ असते आणि लोक ती मुद्दाम बघून घेतात. आणि पिंड गुळगुळीतच पाहिजे असंही कुठं आहे, क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन या, तिथलं स्वयंभू लिंग खडबडीत आहे, खाचखळग्यांचं, कोणी म्हणत नाही भंगलंय म्हणून.

आता पाऱ्याच्या पिंडीचं. इथं मी जरा कडक बोलणार, मिस्टरांना वाचायला द्या. पारा आपल्या हवेत पातळ असतो, तो उणे 39 अंशाच्या आसपास गोठतो, म्हणजे सातारच्या थंडीत काय, हिमालयातही सहज नाही. मग घट्ट चकचकीत पिंड कशी होते, तर त्यात दुसरा धातू मिसळतात, कथील म्हणा, जस्त म्हणा, आणि स्वस्तात करायचं असेल तर शिसं. शिसंही विषारी आणि पाराही. असल्या पिंडीवर दूध-पाणी घालून ते तीर्थ म्हणून पोरांना द्यायचं? अजिबात नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात बाईंनी पिंड उचलताना हातातली सोन्याची अंगठी घासली आणि तेवढी जागा पांढरी पडली, पारा सोन्याला धरतो तो असा. विकणाऱ्यानं सोबत सर्टिफिकेट दिलं होतं, लॅमिनेशन केलेलं. ठेवायचीच असेल तर काचेच्या पेटीत शोभेला ठेवा, पाणी घालू नका, तीर्थ घेऊ नका. तसंही एका घरात दोन पिंडी पूजेत ठेवू नयेत, तीन गणपती, दोन शंख ठेवू नयेत असा जुना नियम आहेच, तोच सांगून मोकळ्या व्हा म्हणजे घरात वाद नको. देवळाची गोष्ट वेगळी. शिखर शिंगणापूरला गाभाऱ्यात दोन पिंडी आहेत, शिव आणि शक्तीची म्हणतात, आणि सातारजवळ पाटेश्वरला तर डोंगरातल्या लेण्यांत शेकड्यांनी पिंडी कोरल्यात, एकाच दगडावर बारीक बारीक पिंडींच्या ओळीच्या ओळी, मुलांना घेऊन एकदा चढा.

रोजची पूजा. ताम्हणात बाण घ्यायचा, पळीनं पाणी घालायचं, ॐ नमः शिवाय येतं ना, झालं. 11 वेळा म्हणा नाहीतर 108, पण पाणी वाहतं ठेवा, एकदम तांब्या उपडा करू नका. सोमवारी पंचामृत घालायचं असेल तर चमचा चमचा पुरे, आणि ते पितळी शाळुंकेसकट घालू नका. तुमच्या शाळुंकेच्या खोबणीत हिरवट साठलंय ते दह्यामुळंच, पितळ-तांब्याला आंबट लागलं की असंच होतं, म्हणून दूध-दही तांब्याच्या भांड्यातून घालायचं नाही म्हणतात, चांदी किंवा साधं स्टील घ्या. बाण शाळुंकेतून सुटा होतो का बघा, बहुतेक लाखेनं बसवलेला असेल, जोर करू नका, नाही निघाला तर फक्त पाण्याचा अभिषेक आणि महिन्यातून एकदा चिंचेनं शाळुंका घासून, जुन्या टूथब्रशनं खोबण साफ करून, लगेच कोरडी पुसा. न्हाणं झालं की पुसायचं, पांढरं गंध नाहीतर भस्म लावायचं, एक बेल पालथं घालायचं म्हणजे गुळगुळीत बाजू पिंडीला लागते, देठाची जाड गाठ मोडून. झालं. आठ मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

बेल रोज ताजंच पाहिजे असं नाही. वाहिलेलं बेल धुवून परत वाहता येतं. सोमवारी, चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्येला तोडायचं नसतं, आदल्या दिवशी तोडून ओल्या फडक्यात ठेवायचं. श्रावणात सोमवारी सकाळी सातला लोक आमच्या देवळाबाहेरच्या झाडाच्या फांद्याच्या फांद्या मोडतात आणि आत येऊन मला विचारतात गुरव, देव पावेल ना. काय सांगायचं.

काय वाहू नये ते एकदा ऐकून ठेवा. केवडा नाही, तुळस नाही, शंखानं पाणी नाही, हळदकुंकू पिंडीवर नाही, शाळुंकेवर किंवा पार्वतीला चालतं. मात्र कोणी चुकून घातलं म्हणून देव रागावला असलं काही मनात आणू नका, पुसून घ्यायचं. हे नियम दगडावर कोरलेले नाहीत, वैकुंठ चतुर्दशीला त्याच महादेवाला तुळस वाहतात आणि विष्णूला बेल. आणि हळदीचं बघा, सांगली हळदीची पेठ, हरिपूरला हळद साठवायची पेवं जमिनीत, आणि तिथंच कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वर बसलाय ज्याच्या पिंडीला हळद लागत नाही, आणि इकडं कऱ्हाड तालुक्यात पालीला खंडोबा, तोही शंकराचाच अवतार, तर त्याच्या पौषातल्या यात्रेला अख्खं गाव भंडाऱ्यानं पिवळं. ज्या देवाची जी रीत ती पाळायची, एकाची दुसऱ्याला लावायची नाही.

अभिषेकाचं पाणी पायदळी येईल असं सांडू नका, कुंडीत घाला. दुधाचं घालू नका, मुंग्या होतात आणि मातीला बुरशी येते, ते भरपूर पाण्यात पातळ करून खाली बागेत मोठ्या झाडाला.

शाळुंकेचं तोंड उत्तरेला. देव्हारा पूर्वेकडं असो की पश्चिमेकडं, पन्हळ, म्हणजे पाणी जायची ती चोच, उत्तरेलाच येईल असं ठेवा, म्हणजे ती तुमच्या अंगावर येत नाही, बाजूला जाते. देवळातही बहुतेक ठिकाणी अशीच दिसेल. आणि देवळात प्रदक्षिणा घालताना ती पन्हळ ओलांडायची नसते, तिला सोमसूत्र म्हणतात. समोरून डाव्या हाताला निघायचं, पन्हळीपर्यंत जायचं, तिथनं वळून आलेल्या वाटेनं परत, समोरून पुढं पन्हळीच्या दुसऱ्या अंगाला जायचं, पुन्हा वळून समोर. ही एक झाली. पन्हळ जमिनीखालनं गेली असेल किंवा वर फरशी झाकलेली असेल तर पूर्ण घातली तरी चालते. घरात देव्हाऱ्याभोवती कुठं फिरणार, स्वतःभोवती फिरा.

मोठं जे काही करायचं ते देवळात करा असं मी म्हणतो त्याचं कारण सांगतो. एकादशणी म्हणजे रुद्राची 11 आवर्तनं, लघुरुद्र 121, महारुद्र 1331. लघुरुद्राला 11 ब्राह्मण बसतात आणि प्रत्येकजण 11 आवर्तनं म्हणतो, एवढा वेळ पिंडीवर गळती, म्हणजे वर टांगलेल्या भांड्यातली पाण्याची धार, चालू. तुमच्या जांभळाएवढ्या बाणावर सकाळभर संततधार धरली तर पाणी पंख्याच्या बटणापर्यंत जाईल. देवळात त्यासाठी पन्हळ आहे, गोमुख आहे, नदी आहे. पण देवळातही हात आवरता घ्या. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पन्हळीत हात घालतो, खांद्यापर्यंत, आणि आतून काय निघतं, बेलाचा कुजलेला लगदा, साखरेची चिकट साय, अगरबत्तीच्या काड्या, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, ते तर पसाभर. कोपरा दातानं तोडतात आणि तिथंच टाकतात. गाभाऱ्यात आंबूस वास सुटतो तो चार दिवस जात नाही, आणि साखर-मधानं दगडाची खरवड निघते ती वेगळीच. उज्जैनला महाकालाची पिंड झिजते म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, 2017 मध्ये आरओचं पाणी आणि तेही माणशी अर्धा लिटर असे नियम आले आणि 2020 मध्ये भाविकांनी पिंड घासायची नाही असं कोर्टानं सांगितलं. ज्योतिर्लिंगाची ही गत, तर खेड्यातल्या पिंडीचं काय घेऊन बसलात. आमच्याकडं मी आता हंडा ठेवलाय, दूध त्यात ओता म्हणतो, एक पेला पिंडीवर जातो आणि बाकीचं उकळून शाळेतल्या पोरांना. पहिल्या वर्षी शिव्या खाल्ल्या, आता लोक स्वतःच हंडा शोधतात.

बाईमाणसाचं. ज्या घरातले पुरुष म्हणतात बाईनं पिंडीला हात लावू नये त्याच घरातल्या नव्या सुना श्रावणी सोमवारी शिवामूठ वाहायला आमच्या दारात उभ्या असतात, पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. ते चालतं. आणि मिरज-सांगलीकडं लिंगायत घरं पुष्कळ, त्यांच्यात बाई असो की गडी, प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचं इष्टलिंग, डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा, बसवेश्वरांपासूनची म्हणजे बाराव्या शतकातली रीत. गावोगावच्या गाभाऱ्याचे नियम वेगळे असतील, तिथं तिथला गुरव सांगेल ते ऐका, पण तुमच्या देव्हाऱ्यापुढं विचारायला कोणी नको. तुमच्या सासूबाईंनीच तो बाण गुळगुळीत केलाय ना, मग?

एक बारीक गोष्ट, टीव्हीवर सावन सुरू झाला म्हणून उपास धरू नका, उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळं आपला श्रावण पंधरा दिवस उशिरा. दारावरचं कालनिर्णय बघा.

राहिलं चार दिवस बाहेर जाण्याचं. 2019 च्या ऑगस्टात आमच्याकडं पूर आला, ऐन श्रावणात. सोमवारची तयारी करायची सोडून आम्ही धान्याची पोती माळ्यावर टाकत होतो. पाणी देवळात शिरलं, मग नंदी गेला, मग चौकट गेली, आम्ही सगळे उंचावरच्या शाळेत. माझी पाळी चालू होती. आजोबांच्या काळापासून एक दिवस खंड नाही आणि मला लांबनं नुसता कळस दिसतोय. निघताना देव्हाऱ्यातला घरचा बाण शर्टाच्या खिशात टाकला होता, तो शाळेच्या वर्गात बाकावर ठेवला, स्टीलच्या पेल्यात पिण्याचं पाणी मिळत होतं त्यातलं बोटभर घातलं, बेल नव्हतं तर नाही घातलं, देवळाकडं तोंड करून हात जोडले. पुढचा सोमवारही असाच गेला. पाणी उतरल्यावर गाभाऱ्यात गुडघाभर गाळ, आम्ही तिघांनी हातांनी उपसला कारण फावडं पिंडीला लागायची भीती, पन्हळीत सळई घालून गाळ ढोसला, आणि आतली पिंड होती तशीच, शाळुंकेच्या सांध्यातला चुना तेवढा सुटला होता. गावातल्या एकाही म्हाताऱ्यानं मला पूजा चुकली म्हटलं नाही.

तेव्हा तुम्ही जाताना बाण धुवून कोरडा करा, मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवा, नाहीतर पर्समध्ये सोबत न्या, चल आहे तो चालण्यासाठीच. आल्यावर पहिल्या दिवशी जरा जास्त पाणी.

आणि फोटोत देव्हाऱ्यामागं खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतोय, म्हणजे तुमची ती भिंत किल्ल्याच्या अंगाला, दक्षिणेची, आणि शाळुंकेचं तोंड त्याच भिंतीकडं आहे. ते तेवढं आज फिरवून घ्या.